बटर चिकनचं बहुमत

परवा एका दादांचा फोन आला. आमच्यापासून दोन गावं सोडून राहतात. मूळचे कोल्हापूरचे, वीस वर्षं आयटीत काढून कंटाळलेत आणि आता साठवलेले पैसे घालून रेस्टॉरंट काढायचं म्हणतात. "अरे, तू डेटातला डॉक्टर ना? मग जरा हे रिव्ह्यू बघून सांग, इथल्या लोकांना नक्की काय आवडतं." सोबत एक्सेल शीट. आसपासची सगळी भारतीय रेस्टॉरंटं, त्यांच्यावर येल्प आणि गुगलवर गिऱ्हाइकांनी लिहिलेलं, आणि शेवटच्या रकान्यात दादांनी स्वतःच काढलेला निकाल : बटर चिकन, नान, मँगो लस्सी. पांढरा रस्सा, पिठलं-भाकरी, भरली वांगी यांच्यापुढे शून्य.

"लोकांना नकोच आहे रे आपलं," दादा म्हणाले.

मंडळी, माझं डोकं तिथेच फिरलं. पांढरा रस्सा कुणी वाखाणला नाही, कारण त्या पस्तीस मैलांत तो कुणी विकलाच नाही! जो उमेदवार उभाच राहिला नाही त्याला मतं शून्य पडणार, यात नवल ते काय? पण आपण त्यावरून ‘जनतेने नाकारलं’ असा निकाल लावून मोकळे. रिव्ह्यू म्हणजे भुकेची मोजणी नाही, छापलेल्या मेनूवरचा शेरा आहे. एवढं समजायला पीएच.डी. लागत नाही. (माझी या कामी तरी फुकट गेली म्हणायची.)

बरं, तो मेनू तरी कुठून आला? अमेरिकन माणसाने मागितला म्हणून नव्हे. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या मंडळींनी दिल्लीत तंदूर लावले, त्यातून बटर चिकन निघालं आणि पुढे तेच ‘इंडियन फूड’ म्हणून जगभर गेलं. न्यूयॉर्कच्या ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर एकेकाळी ओळीने ‘इंडियन’ रेस्टॉरंटं होती. त्यांतली बरीचशी चालवणारे बांगलादेशी, म्हणजे घरी माशाचं कालवण खाणारे लोक. दुकानात मात्र चिकन टिक्का मसाला! का, तर शेजारी तोच विकतो. आज आपण त्या नकलेवरचे शेरे मोजतो आणि त्याला मार्केट रिसर्च म्हणतो.

शेरे कसे असतात तेही बघा. स्टॅनफर्डचे भाषाशास्त्रज्ञ डॅन जुराफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली येल्पवरचे जवळजवळ ९ लाख रेस्टॉरंट-रिव्ह्यू तपासले. एक तारा देणारा माणूस पदार्थाबद्दल फारसं बोलतच नाही. वेटर कसा वागला, किती वेळ ताटकळत ठेवलं, याचंच रडगाणं. तेही एखाद्या आघातातून सावरणाऱ्याच्या भाषेत! आता यातून ‘चवीची आवड’ काढायची म्हणजे लग्नातल्या मानापमानावरून श्रीखंड कसं होतं ते ठरवण्यासारखं आहे. आणि ‘टू स्पायसी’ हा शब्द तर मोजूच नये. ओहायोतल्या आजीबाईंचं तिखट आणि आमच्या दादांचं तिखट एकाच रकान्यात बसत नाही. हल्ली एआयला सांगितलं की दोन मिनिटांत सगळ्याचा गोषवारा मिळतो. पण रकान्यात नसलेली गोष्ट गोषव्यात कुठून येणार?

किमतीचंही तेच. सारा के या लेखिकेने २०१९ साली न्यूयॉर्कमधले २०,००० रिव्ह्यू वाचून लिहिलं होतं की फ्रेंच, इटालियन खाणं ‘ऑथेंटिक’ वाटायला लोकांना उंची थाट लागतो, आणि मेक्सिकन किंवा चिनी खाणं ऑथेंटिक वाटायला कळकट जागा आणि स्वस्ताई. रिव्ह्यूंचं ऐकून भाव ठरवाल तर त्या माणसाचा हा पूर्वग्रह तुम्ही स्वतःच्या खिशातून पोसाल.

दादांनी लगेच तोंडावर फेकलं, "पण ताऱ्यांनी धंदा वाढतो, हे तर खरं?" खरं आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ साली सिएटलच्या आकड्यांवरून दाखवलं की येल्पवर एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं. साखळी रेस्टॉरंटांना मात्र काही फरक पडत नाही. पण दादा, याचा अर्थ काय? तारे गर्दी आणतात. उघडलेल्या दुकानाला रिव्ह्यू जरूर वाचावेत. पार्किंग कुठे अडतं, ताट किती थंड येतं, हे त्यातून छान कळतं. न उघडलेल्या दुकानात काय शिजवावं ते कळत नाही.

आता उलटं उदाहरण. २०२१ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रीनविच व्हिलेजमध्ये ‘सेम्मा’ उघडलं. शेफ विजय कुमार, तामिळनाडूतल्या खेड्यात वाढलेले. मेनूवर काय ठेवलं? लहानपणी शेतातून वेचून आणायचे त्या गोगलगाई! सांगा बघू, कुठल्या एक्सेल शीटमध्ये ‘गोगलगाई हव्यात’ असं आलं असतं? २०२२ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला, २०२५ मध्ये कुमारना जेम्स बिअर्ड पुरस्कार. सगळ्यांचं असं होत नाही हे मलाही कळतं. बुडालेल्यांची यादी कुणी छापत नाही. पण बटर चिकन विकूनही रेस्टॉरंटं बुडतातच की. फक्त त्यांच्या मालकांना ‘डेटाप्रमाणे वागलो’ एवढं समाधान मिळतं.

मला खरा राग याचाच आहे. घरी आलेल्या अमेरिकन शेजाऱ्याला आपण थालीपीठ खायला घालतो, तो बोटं चाटतो, आणि दुकान काढायची वेळ आली की आपल्याला आपल्याच ताटाची लाज वाटते. मग त्या लाजेला आकड्यांचा सदरा शिवायला माझ्यासारखा कुणी हवा असतो.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं पटतं रे. पण कर्ज मागायला गेलो की बँक मार्केट ॲनालिसिस मागते. तिला काय गोगलगाई दाखवू?"

याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. मंडळाच्या कार्यक्रमात आणि गावच्या फार्मर्स मार्केटमध्ये आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना काढून स्टॉल टाका. दहा रविवार. किती वाट्या गेल्या, दुसऱ्यांदा कोण आलं, किती जणांनी अर्धं टाकलं, एवढं वहीत लिहा. ती वही बँकेला द्या. हा डेटा मी आनंदाने चाळून देईन, अगदी फुकट.

परवान्याचा अर्ज गेलाय. पांढऱ्या रश्शाची पहिली खेप संपली की उरली, ते कळवतो.