वरातीबाहेरचा सॅक्सोफोन

आपल्या जालना जिल्ह्यात सॅक्सोफोन भेटतो तो वरातीपुढच्या बँडमध्ये, व्हायोलिन सिनेमाच्या गाण्यात, आणि पियानो पडद्यावरच्या नायकासमोर. ही तीन वाद्ये एकत्र बसून बोलताना आपण का ऐकू नयेत? गायक नको, ध्वनिक्षेपक नको. खोलीभर श्रोते पुरेत. पियानोच्या पट्टीचा सूर ठरलेला, त्याला मींड नाही. व्हायोलिनवर बोट घसरते, सॅक्सोफोनात श्वास वळतो. त्यांनी एकमेकांना कसे सांभाळून घेतले, हे ऐकण्यातच खरी गोडी.

हे शहरी वेड म्हणून झटकू नये. गोव्यातील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस मुंबईत चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवीत, वाद्यमेळ लिहून देत. पडद्यावर नाव बहुधा संगीतकाराचेच! १९५८ साली त्यांनी मोठा वाद्यवृंद उभारून आपल्या रागांवरच्या रचना वाजविल्या, त्याही सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकात. पुढे १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचे नाव गाजले ते शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे. माणूस मात्र अपरिचितच राहिला.

एका महाविद्यालयाच्या चौकात वाद्यवृंद मावला, मग आपल्या स्नेहसंमेलनात तीन वादक मावणार नाहीत काय? पियानो नसेल तर पेटी आणावी. मींड तिलाही नाहीच. फिशपाँड तेवढे अर्धा तास आधी आटोपावेत.