दाढेचा ठणका थांबला, म्हणजे बरं झालं?

प्रत्येक घरात आजारपणांची एक अलिखित रांग असते. सासऱ्यांचं बीपी, मुलांचा ताप, नवऱ्याची पाठदुखी असं करत करत रांगेच्या शेवटी दातदुखी उभी असते. आणि ती घरातल्या बाईची असेल, तर तिला रांगेतही जागा मिळत नाही. ‘दाढच तर आहे, थांबेल दोन दिवसांत,’ असं म्हणून ती दाढेखाली लवंग धरते आणि पोळ्या लाटायला घेते.

सरकारी कारभारातली रांगही फारशी वेगळी नाही. जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, आणि त्यातले चारात तीन मध्यम उत्पन्नाच्या, म्हणजे आपल्यासारख्या देशांत राहतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या अहवालात सांगितलं. नोव्हेंबर २०२४मध्ये बँकॉकला या विषयावर संघटनेची पहिली जागतिक बैठकही झाली. आपल्याकडे राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५पासून आहे. पण तालुक्याच्या गावी रात्री नऊ वाजता दाढेपायी गाल सुजला, तर जायचं कुठे? दातांचे डॉक्टर शहरात जास्त. सरकारी रुग्णालयात जिथे आहेत, तिथे ते ओपीडीच्या वेळेत. दातांचे साधे उपचार बहुतेक आरोग्य विम्यांत धरलेले नसतात. म्हणजे खर्च आपल्या खिशातून, आणि बाईचा खिसा तो केवढा!

म्हणूनच कोणतं दुखणं दोन दिवस थांबू शकतं आणि कोणतं दोन तासही थांबू शकत नाही, हे आपल्याला कळायला हवं.

आमच्या बचत गटातल्या एकीची खालची दाढ महिनाभर ठणकत होती. मेडिकलमधून गोळ्या आणून ती दिवस ढकलत होती. एक दिवस ठणका आपोआप थांबला. ‘बरं झालं बाई, पैसे वाचले,’ म्हणाली. आठवड्याच्या आत जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना, पाणीही गिळता येईना. जिल्ह्याच्या गावी नेऊन, मानेला चीर देऊन पू काढावा लागला. ती वाचली. पण वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट गेले, आणि पंधरा दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

असं का होतं? दाताच्या आत नस असते. कीड तिथवर पोचली की ठणका लागतो. नस मेली की ठणका थांबतो, पण जंतू मरत नाहीत. ते मुळाच्या टोकाशी पू धरतात आणि वाट मिळेल तिकडे पसरतात. म्हणून दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, हा हिशेब दाताच्या बाबतीत चुकीचा ठरतो. किती दुखतंय यापेक्षा सूज किती आणि कुठे आहे, हे बघायचं.

जबड्याखाली किंवा मानेवर पसरणारी सूज, डोळ्याकडे चढणारी सूज, ताप, तोंड नीट न उघडणं, गिळता न येणं, लाळ गळणं, आवाज बदलणं, श्वास घ्यायला त्रास होणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. दातांचा दवाखाना बंद असला, तरी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग उघडा असतो. १०८ला फोन करून थेट तिथे जायचं. मधुमेह असलेल्या बाईने तर साध्या सुजेलाही हलकं समजू नये.

गाल थोडा सुजलाय, हिरडीवर पुळी आलीय किंवा रात्रभर झोप नाही, पण ताप नाही आणि गिळता येतंय, तर त्याच दिवशी नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी दातांचा डॉक्टर गाठायचा. दाढ काढल्यावर रक्त येत असेल, तर स्वच्छ कापडाची घडी वीसेक मिनिटं घट्ट चावून धरायची. तरीही थांबलं नाही, तर परत डॉक्टरकडे. पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला, तर तो मुळाला हात न लावता वरून धरायचा, घासायचा नाही, थंड दुधात ठेवायचा आणि अर्ध्या तासात डॉक्टरकडे पोचायची धडपड करायची. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

आणि मशेरी लावणाऱ्या, तंबाखू-सुपारी खाणाऱ्या बायांसाठी आणखी एक खूण. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा उठला, तोंड उघडणं कमी कमी होत गेलं, तर ते दुखत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही. कॅन्सर बहुधा सुरुवातीला दुखत नाही.

घरगुती उपायांनी तात्पुरतं बरं वाटतं, ते वाटू द्या. पण हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, तिथली कातडी भाजते. सुजेवर गरम शेक नको. शेजारणीच्या उरलेल्या अँटिबायोटिक्स नकोत. मुळाशी घाण तशीच राहिली, तर औषध संपल्यावर सूज परत येते. दाढ काढणं किंवा रूट कॅनाल, हाच खरा उपाय. ‘दिवस गेलेत, आता दाढेला हात लावायचा नाही,’ हेही खरं नाही. डॉक्टरांना तसं सांगायचं आणि उपचार करून घ्यायचे. पोटुशीने मनाने वेदनाशामक गोळ्या मात्र घेऊ नयेत.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही फेब्रुवारी २००७मध्ये मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत पोचून गेला. तो दात वेळेवर काढायला सुमारे ८० डॉलर पुरले असते, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. त्यावर तिथे बोंब झाली, आणि २००९मध्ये गरीब मुलांच्या सरकारी विम्यात दातांचे उपचार कायद्याने सक्तीचे झाले. बोंब झाली म्हणून कायदा झाला, हे आपण ध्यानात ठेवायला हवं.

आपणही विचारू शकतो. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांचे दात तपासतात. आपल्या मुलाच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, आणि पुढे त्याला कोणी बघितलं का? ग्रामीण रुग्णालयात दंत शल्यचिकित्सकाचं पद आहे का, असेल तर भरलंय का, खुर्ची चालू आहे का, एक्स-रे होतो का? रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत हे प्रश्न पाणी-रस्त्यांच्या बरोबरीने यायला हवेत. आणि ते आपल्याशिवाय कोणी आणणार नाही.

तोवर बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, की एकमेकींना एवढं तरी विचारूया. कुणाची दाढ ठणकून ठणकून गप्प झालीय का? जिची झाली असेल, तिला सगळ्यात आधी पाठवायचं.