सरपंचताई, तुमच्या तब्येतीचं काय?

2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यामुळे आज हजारो गावांचा कारभार स्त्रिया पाहतात. उन्हाळ्यात त्यांचा फोन पहाटेच वाजू लागतो: टँकर आला नाही, आला तर वरच्या आळीला पाणी पुरलं नाही. तव्यावर भाकरी असते आणि दारात दाखल्यासाठी कुणीतरी उभं. गावाचं दुखणंखुपणं बघता बघता स्वतःची रक्तदाबाची गोळी राहून जाते. हे आम्हाला खुपतं.

म्हणून हा अंक सरपंचांच्या स्वतःच्या तब्येतीविषयी. योगासनांपेक्षा कामाच्या वाटणीवर आम्ही भर दिला आहे. कायद्याने उपसरपंच आहेत, पाणीपुरवठा समिती आहे. टँकरच्या फेऱ्यांची वही त्यांच्या हाती द्या. दुपारी तासभर फोन दुसऱ्या कुणाकडे ठेवा. यात जबाबदारी टाळणं आहे, असं आम्ही मानत नाही. थकलेलं माणूस ग्रामसभेत चिडून निर्णय घेतं आणि त्याची किंमत गाव मोजतं.

तुम्ही कुठलं काम सोपवलंत, कुठलं सोडवेना, घरचे काय म्हणाले, ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.