खुरातील गळू : उपचार थोडा, धीर फार

घोडा बाळगणाऱ्या कुटुंबाचा संसार घोड्याच्या चार खुरांवर चालतो. भीमा नदीच्या खोऱ्यातील धनगर बांधव आपले बिऱ्हाड भीमथडी घोड्यांच्या पाठीवर लादून मेंढरांमागे रानोमाळ फिरतात. माथेरान व महाबळेश्वर येथे पर्यटकांस पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या घोड्यांवर अनेक घरांची चूल पेटते. लग्नसराईत वरातीस घोडा देणाऱ्यांचीही तीच स्थिती आहे. या सर्वांच्या दृष्टीने घोडा लंगडला म्हणजे त्या दिवसाची मिळकत बुडाली.

घोडा एकाएकी लंगडू लागण्याच्या कारणांत खुरात गळू होणे हे अगदी नेहमीचे कारण होय. हा विकार बहुधा पूर्ण बरा होतो. असे असूनही त्यापायी पुष्कळ जनावरे नाहक हाल सोसतात व काही कायमची अधू होतात. याचा दोष केवळ औषधांच्या टंचाईवर टाकता येणार नाही. पू बाहेर पडेपर्यंत आणि पडल्यानंतरही थांबण्याची आपली तयारी नसते, हे त्याचे मोठे कारण आहे. या विकारात विश्रांती हाच अर्धा उपचार आहे, आणि तो उपचार गरीब मालकास परवडावा अशी व्यवस्था गावाने केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खूर बाहेरून दगडासारखा कठीण दिसतो. परंतु कवचाच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला अत्यंत नाजूक थर असतो. कवच व तळवा जेथे जुळतात तेथे तळव्याच्या कडेने एक फिकट रेषा दिसते. ही खुरातील कच्ची जागा होय. पावसाळ्यात भिजून खूर मऊ पडला व त्या रेषेत बारीक खडा रुतला, नाल मारताना खिळा आतल्या अंगास गेला, अथवा खडकाळ वाटेवर तळव्यास मुका मार बसला, म्हणजे आत पू धरण्यास निमित्त मिळते. माणसाच्या हातास गळू झाले तर कातडी फुगून पुवास जागा करून देते. खुराच्या कवचास फुगता येत नाही. त्यामुळे पुवाचा सारा दाब आतील नाजूक थरावर पडतो व घोड्यास असह्य वेदना होतात. काल दौडणारा घोडा आज पाय टेकत नाही तो यामुळे.

अशा वेळी पाय मोडला असे समजून मालक घाबरून जातो. म्हणून प्रथम शांतपणे खूर पाहावा. खूर दुसऱ्या पायाच्या मानाने गरम लागतो काय, हे हाताने पाहावे. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे दोन्ही बाजूंस बोटे ठेवली असता नाडी जोराने उडताना लागते काय, तेही पाहावे. तळवा स्वच्छ धुऊन त्यात खिळा, काच किंवा काळा ठिपका दिसतो काय, हे उजेडात तपासावे. एकाच पायाचा खूर गरम असणे, त्याची नाडी जोराने उडणे व घोडा एकाएकी फार लंगडणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर गळवाची शंका घेण्यास जागा आहे. मात्र निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. हाड मोडणे व शिरा ताणणे यांचीही बाह्य लक्षणे कधी कधी अशीच असतात. दोन्ही पुढचे खूर गरम असून घोडा अंग मागे रेलून उभा राहत असेल, तर तो लॅमिनायटिस हा निराळा व गंभीर रोग असण्याचा संभव असतो, आणि त्यात एक दिवसही दवडू नये.

गळवावरील मुख्य उपचार एकच : पुवास बाहेर पडण्यास वाट करून देणे. पशुवैद्य अथवा त्याच्या सांगण्यावरून काम करणारा जाणता नालबंद नाल काढतो, दुखरी जागा चिमट्याने दाबून शोधतो, आणि काळ्या रेघेचा माग घेत लहानसे छिद्र पाडतो. करड्या किंवा काळ्या रंगाचा दुर्गंधीयुक्त पू बाहेर आला की घोड्यास पुष्कळदा एकदोन दिवसांतच आराम पडतो. छिद्र लहान असावे. ज्या तळव्यावर घोड्याचा भार पेलावयाचा, तो खणून काढणे शहाणपणाचे नव्हे. पुवाचा माग लागला नाही, तर हत्यार खाली ठेवावे व शेक आणि पोटीस यांवर भिस्त ठेवावी. रक्त निघेपर्यंत कोरीत बसणाऱ्या हाताने गळू बरे होत नाही. त्याच्या जोडीस नवी जखम मात्र होते.

पोटिसाची कृती सोपी आहे. हातास सोसेल इतक्या कोमट पाण्यात दोन मुठी एप्सम सॉल्ट विरघळवून त्यात खूर पंधरा ते वीस मिनिटे बुडवून ठेवावा. नंतर गव्हाचा कोंडा व तेच मीठ कोमट पाण्यात कालवून तळव्यास लावावे, वर कापूस ठेवून फडके गुंडाळावे व सर्वांवर जाड प्लॅस्टिकचा तुकडा चिकटपट्टीने घट्ट बसवावा. पट्टी खुरावरच राहावी. वरच्या कातडीस आवळू नये. ती रोज बदलावी व जुन्या पट्टीवर पू दिसतो काय, हे पाहावे. खूर बुडवून ठेवणे दोनतीन दिवसांपलीकडे चालू ठेवू नये, कारण सतत भिजल्याने तळवा मऊ पडतो. पू थांबल्यावर छिद्र टिंक्चर आयोडीनने पुसून कोरड्या कापसाने बंद ठेवावे व घोडा कोरड्या जागी बांधावा.

येथे धनुर्वाताविषयी आग्रहाने सांगावेसे वाटते. घोडा हे धनुर्वातास फार लवकर बळी पडणारे जनावर आहे आणि त्या रोगाचे जंतू माती व लीद यांत असतात. खुरास छिद्र पडले की धनुर्वाताची लस दिलेली आहे किंवा नाही, हा प्रश्न पशुवैद्यास त्याच दिवशी विचारावा.

आता धीराविषयी. पुवाची वाट सापडली तरी घोडा कामास लायक होण्यास बहुधा एक ते दोन आठवडे लागतात. वाट न सापडल्यास पू कवचाच्या आतून वर चढतो व केसांच्या कडेशी फुटतो. त्यास कित्येक दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात. या अवधीत मालकाचा जीव कासावीस होतो. मग कोणी तापलेल्या लोखंडाने डाग देण्यास सांगतो, कोणी बिबा घालण्यास सांगतो, तर कोणी रोज नवी सुई टोचण्याचा आग्रह धरतो. डाग व बिबा यांनी जनावराच्या दुःखात भर पडते, यापलीकडे काही साधत नाही. प्रतिजैविक औषधे काही प्रसंगी अवश्य लागतात; परंतु कवचात कोंडलेल्या पुवापर्यंत ती नीट पोहोचत नाहीत, म्हणून पू निघण्यापूर्वीच ती आपल्या मनाने टोचून घेणे व्यर्थ होय. वेदना कमी करणारे औषधही पशुवैद्याने ठरवावे. माणसाच्या गोळ्या घोड्यास चारू नयेत.

दुसरा मोह याहून घातक आहे. पू फुटला की वेदना थांबतात व घोडा जणू काही झालेच नाही असा चालू लागतो. मालकास वाटते, घोडा बरा झाला. वास्तविक पू गेला आहे, खूर भरून आलेला नाही. त्याच दिवशी खोगीर चढविले, तर उघड्या छिद्रात माती शिरते व गळू पुन्हा होते. छिद्राच्या तळाशी कोरडे, कठीण आवरण येईपर्यंत घोडा कामास जुंपू नये. केसांच्या कडेशी पू फुटल्यास तेथे आडवी चीर पडते. खुराचे कवच महिन्यास सुमारे आठ ते दहा मिलिमीटर वाढते. त्यामुळे ती चीर खाली सरकत जाऊन निघून जाण्यास नऊ ते बारा महिने लागतात. तिची भीती बाळगू नये, परंतु नालबंदास ती दाखवीत जावी.

धीर धरणे म्हणजे घोड्याकडे पाठ फिरविणे नव्हे. पुढील प्रसंगी वाट पाहणे हा अपराध ठरेल : दोनतीन दिवसांत उतार नसणे, ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, पायावर सूज चढत जाणे, घोड्याने वैरण टाकणे, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा पू होणे. तळव्याच्या मध्यभागी पाचरीच्या आकाराचा जो लवचीक भाग असतो, त्यात खिळा घुसला असेल तर क्षणाचाही विलंब लावू नये. त्या भागाच्या आत सांधा व हाड असते. पशुवैद्य लवकर येण्यासारखा असेल, तर खिळा तसाच राहू द्यावा व घोडा हलवू नये. काढावाच लागला, तर जागेस खूण करावी आणि तो किती खोल व कोणत्या दिशेने गेला होता, हे ध्यानात ठेवून सांगावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घोडेवाल्याजवळ लिहिलेला असावा.

हे सर्व सांगणे सोपे आहे. ज्याच्याजवळ एकच घोडा आहे आणि ज्याच्या घरी रोजच्या मिळकतीवर भाकरी भाजली जाते, त्यास पंधरा दिवस थांबा असे सांगून आपण निघून गेलो, तर तो थांबणार नाही. त्यास निर्दय म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे रोगी वा जखमी असल्यामुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराकडून काम घेणे हा गुन्हा आहे. कायदा हवाच, तथापि उपाशी माणसापुढे केवळ कायदा ठेवल्याने लंगडे जनावर अंधारात कामास जुंपले जाते, एवढेच होते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घोडेवाल्यांना एकत्र बसवून दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. हंगाम चांगला असताना प्रत्येकाने थोडी रक्कम सामाईक निधीत टाकावी व ज्याचा घोडा बांधून पडेल त्यास त्यातून मदत द्यावी. तसेच ज्यांच्याजवळ दोन-तीन घोडे आहेत त्यांनी अशा वेळी एखादा घोडा वाटणीने चालविण्यास द्यावा. आज शेजाऱ्यावर आलेली वेळ उद्या आपल्यावर येणार आहे, हे प्रत्येक घोडेवाला जाणतो. पंधरा दिवसांची मिळकत बुडण्याचे दुःख मोठे आहे, हे खरे. परंतु पू हाडापर्यंत गेला तर सारा हंगाम आणि कदाचित घोडाही जातो. हा हिशेब मालकासमोर मांडावा.

शेवटी प्रतिबंधाविषयी थोडेसे. खूर रोज कोरून साफ करावेत. सहा ते आठ आठवड्यांनी जाणत्या नालबंदाकडून ते तासून घ्यावेत. तबेल्याची जमीन कोरडी ठेवावी, लीद व मूत साचू देऊ नये, आणि वाटेवरचे खिळे, पत्रे व काचा वेचून टाकाव्यात. नाल मारल्यावर एकदोन दिवसांत घोडा लंगडू लागला, तर संकोच न करता नालबंदास परत बोलवावे.

घोडा बोलत नाही, पण पाय उचलून तो आपले दुःख दाखवितो. त्या दुःखास वाट करून द्यावी, जागा स्वच्छ ठेवावी आणि खुरास भरून येण्यास लागणारे दिवस त्यास द्यावेत. हे दिवस मालकास एकट्याच्या बळावर काढावे लागू नयेत, एवढे पाहणे गावाच्या हाती आहे.