एक स्क्रिप्ट, शेकडो सर्व्हर : सोय आणि जोखीम

एकाच यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालविणाऱ्या हायपरव्हायजर प्रणालीची उभारणी आता हाताने करण्याची गरज उरलेली नाही. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयसाठी ‘किकस्टार्ट’ फाइल लिहून ठेवली की डिस्कची निवड, पासवर्ड, आयपी पत्ता, व्हीलॅन यांची माहिती यंत्र स्वतःच तिच्यातून घेते. मुक्त स्रोत प्रणाली असलेल्या प्रॉक्समॉक्सनेही एप्रिल २०२४ मधील ८.२ आवृत्तीत अशी सोय दिली. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविली. त्यानंतर पर्याय शोधणाऱ्यांसाठी ही सोय मोलाची ठरते.

मात्र, स्क्रिप्ट जशी शिस्त सर्वत्र पोहोचविते, तशीच चूकही. फेब्रुवारी २०२३ मधील ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ खंडणी हल्ल्यात जगभरातील हजारो सर्व्हर सापडले. ज्या त्रुटीकडे तेव्हा बोट दाखविले गेले, तिच्यावरील दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध होती. जुन्या आवृत्तीवरून नवे सर्व्हर उभारले जात राहिले, किंवा व्यवस्थापनाचे नेटवर्क इंटरनेटला खुले ठेवण्याची चूक फाइलमध्येच राहिली, तर प्रत्येक नवे यंत्र तीच उणीव घेऊन जन्माला येते.

पासवर्डही फाइलमध्ये उघडा न लिहिता कूटरूपात देता येतो. तरीही ती फाइल कोणाला वाचता येते, हा प्रश्न उरतोच. उभारणीचे श्रम वाचले, तरी तपासणीची जबाबदारी टळलेली नाही. किंबहुना, शेकडो यंत्रांचे भवितव्य एका फाइलवर अवलंबून असल्याने ती अधिकच वाढली आहे.