निकाल दिल्लीत, तारीख पोटातल्या आठवड्यांची

‘‘डॉक्टर, गर्भपाताला कोर्टाचा कागद लागतो का?’’ सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असते.

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा २०२१ मध्ये बदलला. कायद्यातील कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत दोघांचे लागते आणि ही मुभा ठरावीक गटांतील स्त्रियांनाच आहे. त्या यादीत विधवा आणि घटस्फोटित होत्या, अविवाहित नव्हत्या. एका अविवाहित तरुणीच्या याचिकेवर २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असा भेद घटनेत बसत नाही. शिवाय सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असून कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, हेही बजावले. प्रश्न एकीचा होता, उत्तर सगळ्यांना मिळाले. न्यायालयीन पायंड्याचे मोल हेच.

अमेरिकेत गर्भपाताच्या हक्काचा देशव्यापी आधार १९७३ चा ‘रो’ निकाल होता. २०२२ मध्ये तो उलटवताच अनेक राज्यांत हा हक्क गेला. आपल्याकडे पाया संसदेच्या कायद्याचा आहे. पण न्यायालयाने लावलेला त्याचा अर्थ तपासणीच्या खोलीपर्यंत पोहोचला नाही, तर उपयोग काय? आजही काही ठिकाणी नवऱ्याची सही मागितली जाते. ‘नंतर लफडे नको’ म्हणून कोर्टात पाठवले जाते.

या दिरंगाईची किंमत एप्रिल २०२४ मध्ये दिसली. महाराष्ट्रातील अत्याचारग्रस्त १४ वर्षांच्या मुलीला उच्च न्यायालयाने ४ तारखेला परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २२ तारखेला ती दिली, तेव्हा गर्भ सुमारे ३० आठवड्यांचा होता. जोखमीच्या काळजीने पालकांचे मन बदलले आणि २९ तारखेला आदेश मागे घ्यावा लागला. कारवाईच्या भीतीने डॉक्टर कचरतात, हेही न्यायालयाने त्या प्रकरणात नोंदवले.

ही भीती मलाही ठाऊक आहे. पण सुरुवातीच्या आठवड्यांत गोळ्यांनी होणारे काम जसजसे लांबते, तसतसा रक्तस्रावाचा आणि गुंतागुंतीचा धोका वाढतो. कोर्टाची तारीख पुढे जाते, गर्भाचे वय थांबत नाही. २०२२ चा निकाल प्रत्येक प्रसूती विभागात वाचला गेला पाहिजे. आणि बायांनो, शंका आली की लवकर या. बहुतेकींना कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही.