स्वस्तातली फिल्म कुणाला महाग पडते?

28 फेब्रुवारी 2025 ला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला. त्या आठवड्यात पुण्यातल्या ऑफिसात मला तिघांनी तरी विचारलं, “तू पण गावाकडे असंच काहीतरी करतोस ना?” मी हो म्हणालो. माझं गाव अनसिंग, वाशिम-पुसद रस्त्यावरचं. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्ट्या जमवून शॉर्ट फिल्म करतो. आतापर्यंत तीन झाल्या. पहिली कुणाला दाखवण्यासारखी नाही, दुसरी दाखवता येते. तिसरी चांगली झाली होती, पण ती सध्या तुम्हाला कुठेच पाहता येणार नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

मालेगावचं कौतुक सगळेच करतात. मीही करतो. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी पन्नास हजारांच्या आसपास खर्चात ‘मालेगाव के शोले’ बनवला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले आणि लोकांनी तिकीट काढून ते पाहिलं. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनत असताना फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. त्यात बैलगाडीची क्रेन दिसते, सायकलची ट्रॉली दिसते, आणि एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे कसे होतात तेही दिसतं. ज्या शहराचं नाव बाहेरच्या लोकांना 2006 आणि 2008 च्या बॉम्बस्फोटांमुळेच माहीत होतं, ते या पोरांनी हसण्यासाठी घ्यायला लावलं. ही साधी गोष्ट नाही.

पण या कौतुकात ‘जुगाड’ हा शब्द फार येतो आणि मला तो आता खुपायला लागलाय. सुपरमॅन झालेले शफीक शेख यंत्रमाग कामगार होते. पडद्यावर त्यांचा सुपरमॅन तंबाखूच्या विरोधात लढतो. माहितीपट देशातल्या थिएटरात लागण्याआधीच शफीक तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्या शहरातल्या बायका कॅमेऱ्यासमोर येत नव्हत्या, म्हणून नायिका बाहेरून आणावी लागायची. यातलं काहीच जुगाडात बसत नाही. पैसे कमी असले म्हणजे खर्च कमी होतो असं नाही. तो कुणाच्या तरी अंगावर जातो: बुडालेल्या रोजावर, मित्रांच्या झोपेवर, घरातल्या बाईच्या चुलीवर. फिल्मच्या शेवटी आभाराच्या यादीत त्याची एक ओळ येते, बस.

आता आमचा हिशोब सांगतो. तिसरी फिल्म चौदा मिनिटांची. शूटिंग तीन दिवस, खर्च 46,500 रुपये. कॅमेरा मित्राचा, त्याचे पैसे नाहीत. अकोल्याहून आणलेले लाइट आणि लेन्स सात हजार. गाडी-डिझेल सहा हजार सहाशे. चहा-जेवण आठ हजार चारशे; यात अम्मीने आणि शेजारच्या दोघींनी तीन दिवस बारा माणसांचा जो स्वयंपाक केला त्याची मजुरी धरलेली नाही, आणि ती मी का धरली नाही हे मला आजही सांगता येत नाही. हार्ड डिस्क साडेपाच हजार. कलाकारांना मिळून सहा हजार. किरकोळ तीन. सगळ्यात मोठा आकडा आवाजाचा: साउंड रेकॉर्ड करणारा पोरगा आणि त्याचं सामान, दहा हजार.

आवाजावर खर्च करा असं मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. चित्र आज फोनमध्येही बरं येतं, एडिटिंग आणि कलरसाठी दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरून उरते. पण खेड्यात शांतता असते हा शहरातल्या लोकांचा गैरसमज आहे. आमच्या गल्लीत एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला वेल्डिंगचं दुकान, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवर गाणी. दुसऱ्या फिल्ममध्ये हे सगळं संवादांच्या वर चढून बसलं होतं. या वेळी गिरणीवाल्या काकांना आधीच गाठलं. ते म्हणाले, “तुमचं झालं का आवाज द्या, तवर पट्टा काढून ठेवतो.” दोन दुपार त्यांनी गिरणी बंद ठेवली. या दोन दुपारीही वरच्या हिशोबात नाहीत.

गोष्ट साधी होती. एक म्हातारी कंट्रोलवर, म्हणजे रेशन दुकानात जाते. मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. आयुष्यभर निंदण-खुरपण, धुणी-भांडी केलेल्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. आज जा, उद्या ये. मी स्वतः लॉगिनचे स्क्रीन बनवून पगार घेतो, त्यामुळे ‘तुमची ओळख पटली नाही’ हे वाक्य किती सहज लिहिलं जातं हे मला माहीत आहे. माझ्या टेबलावर ती चाचणीतली एक ओळ असते. कंट्रोलच्या दारात ते परत घरी न्यायचं रिकामं पोतं असतं.

म्हातारीचं काम आमच्या गल्लीतल्या खालांनी केलं. अभिनय कधी केला नव्हता, पण मशीनचा अनुभव त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला असणार? लिहिलेले संवाद त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले. “बेटा, मशीन मेरेकू पैचानतीच नै, मई उसकू रोज पैचानती.” हे मी सात जन्मात लिहिलं नसतं. आणि इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. मराठी पडद्यावरचा मुसलमान अजूनही डोळ्यांत सुरमा घालून ‘भाईजान’ करत येतो. आमच्याकडची खाला बाजारात अस्सल वऱ्हाडी बोलते, घरात वऱ्हाडी मिसळलेली दखनी बोलते आणि टीव्ही मालिकेतली हिंदी ऐकून हसते. मोठ्या बजेटच्या सेटवर भाषेचा सल्लागार ठेवला तरी जे मिळायचं नाही, ते आम्हाला शेजारात मिळालं. छोट्या फिल्मची खरी कमाई हीच असेल तर असेल.

खालांच्या तारखा सोयाबीनच्या सोंगणीवर ठरल्या. सोंगणीत रोज सोडून त्या येणं शक्यच नव्हतं, आणि मागणं बरोबरही नव्हतं. म्हणून आम्ही डिसेंबरपर्यंत थांबलो. तीन दिवसांचे त्यांना तीन हजार दिले. घेताना त्या म्हणाल्या, “इसके कायके पैसे?” मी म्हणालो, काम केलं ना. त्यांना ते पटलं नाही, पण पैसे घेतले. ‘आपलीच माणसं आहेत, त्यांना काय द्यायचं’ हे वाक्य मी पहिल्या दोन फिल्मना वापरलं होतं. त्यावेळी ते मला जिव्हाळ्याचं वाटलं होतं. आता ते फक्त सोयीचं वाटतं.

फिल्म झाल्यावर फेस्टिव्हलचा नाद लागला. फिल्मफ्रीवेवर फॉर्म भरायचा, कार्डाने शुल्क द्यायचं, वाट पाहायची. दर महिन्याला नवीन ‘आंतरराष्ट्रीय’ महोत्सव उगवतो. काहींना थिएटर नाही, प्रेक्षक नाहीत, फक्त ई-मेलने येणारं प्रमाणपत्र आहे, आणि ट्रॉफी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. मी चौदा ठिकाणी पाठवली आणि अकरा हजार घालवले. कलाकारांना सहा, फेस्टिव्हलना अकरा! हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. दोन ठिकाणी निवड झाली. एका ठिकाणी पंचवीस माणसांनी शांतपणे पाहिली आणि नंतर चहावर तासभर बोलली. तो तास मात्र अकरा हजारांचा होता, हे मान्य करतो.

नशीब उघडतं ते नागराज मंजुळे यांच्यासारखं, असं आम्ही एकमेकांना सांगत असतो. अहमदनगरला शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ ही छोटी फिल्म केली आणि तिला 58 वा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते खरंच आहे. राज प्रीतम मोरे यांची ‘खिसा’ शाळकरी पोराच्या शर्टाला लावलेल्या मोठ्या खिशाची गोष्ट सांगते. तिला 67 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पण त्यांचाच ‘खालिद का शिवाजी’ 8 ऑगस्ट 2025 ला लागायचा होता. आक्षेप आले, राज्य सरकारने केंद्राकडे धाव घेतली आणि प्रदर्शन थांबलं. पुरस्कार मिळाला म्हणजे पुढची वाट सरळ झाली, असं नसतं.

आमची वाट तर फार लवकर अडली. फिल्म यूट्यूबवर टाकली. दोन महिन्यांत चार हजार लोकांनी पाहिली. मालेगावच्या छोटू दादाच्या विनोदी व्हिडिओंना कोट्यवधी प्रेक्षक असतात, त्यापुढे हे काहीच नाही. पण आम्ही खूश होतो. मग एक दिवस खालांच्या मुलाचा फोन आला. त्याच्या मोबाइलवर एक क्लिप फिरत आली होती, आमच्याच फिल्ममधली चाळीस सेकंदं. बुरखा घातलेली म्हातारी कंट्रोलवर उभी आहे आणि पिशवीतून तीन रेशन कार्डं काढते. वर कुणीतरी लिहिलं होतं: ‘एक बाई, तीन कार्ड. बघा तुमचा टॅक्स कुठे जातो.’

फिल्ममध्ये ती दोन कार्डं अंथरुणाला खिळलेल्या शेजारणींची आहेत. त्यांच्या घरी मशीन येत नाही, म्हणून ही त्यांच्यासाठी विचारायला आलीय, आणि दुकानदार तिन्ही कार्डं परत करतो. दाणाही मिळत नाही. तो सगळ्यात चांगला शॉट होता. सहा वेळा घेतला होता. गोष्टीतली सगळ्यात भली कृतीच कापून तिचा गुन्हा केला गेला.

पुढचे चार दिवस मी तक्रार कशी आणि कुठे करायची हे शोधत होतो, आणि क्लिप पुढे पुढे जात होती. गावातल्यांना खरं काय ते माहीत होतं. मागच्या मार्चमध्ये शाळेच्या आवारात चादर बांधून आम्ही फिल्म दाखवली तेव्हा अर्धा गाव होता. गिरणीवाले काका तर ज्याच्या मोबाइलवर क्लिप दिसेल त्याला थांबवून उरलेली तेरा मिनिटं तोंडी सांगत होते. पण गावाबाहेर तो फक्त एक चेहरा होता, बिननावाचा आणि कुणालाही वापरता येणारा. मुलगा मला एवढंच म्हणाला, “भाई, तुमारी फिल्लम है, पर मुं तो मेरी अम्मी का है.”

मी त्याच दिवशी फिल्म काढून घेतली. यावर माझ्या टीममध्येच भांडण झालं. एडिटरचं म्हणणं, पूर्ण फिल्म हाच क्लिपला एकमेव पुरावा होता आणि तो आपण स्वतःच्या हाताने मिटवला. घाबरून काढली म्हणजे ते जिंकले. तो चुकीचं बोलत नव्हता. क्लिप आजही कुठेतरी असेल, फिल्म मात्र नाही. तरीही मी पुन्हा तेच करेन. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून ‘मागे हटणार नाही’ म्हणणं मला परवडतं. कंट्रोलच्या रांगेत खाला उभ्या राहतात.

चूक आमची एका ठिकाणी नक्की होती. खालांना आम्ही विचारलं होतं, “फिल्ममध्ये काम कराल का?” फिल्म कुठे कुठे जाईल, एकदा गेली की परत येत नाही, कुणी तुकडा कापू शकतं, हे सांगितलंच नव्हतं. मोठ्या कंपन्या करारावर सह्या घेतात, त्या स्वतःच्या बचावासाठी. आमच्याकडे कागदच नव्हता, कारण कागद म्हणजे अविश्वास असं आम्हाला वाटत होतं. आता मी एका पानाचा कागद केलाय, मराठीत आणि उर्दूत. त्यात फिल्म कुठे दाखवणार ते लिहिलंय, पैसे किती ते लिहिलंय, आणि चेहरा दिसणाऱ्या माणसाने नंतर नको म्हटलं तर फिल्म इंटरनेटवरून काढली जाईल हेही लिहिलंय. कायद्याच्या दृष्टीने तो किती पक्का आहे ते वकील सांगतील. वाचून दाखवताना समोरचा प्रश्न विचारतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एका चाचांनी ऐकून सरळ नाही म्हटलं. त्यांच्या जागी दुसरा माणूस मिळायला महिना लागला.

आपल्या लोकांनाही एक विनंती आहे. गावोगावी शादीखाने आहेत, वाचनालयं आहेत, उर्दू शाळांचे हॉल आहेत. लग्नाच्या हंगामाबाहेर एखादी संध्याकाळ द्या. पोरांना प्रोजेक्टर आणि पन्नास खुर्च्या मिळाल्या तर फेस्टिव्हलच्या अकरा हजारांपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. फिल्म आवडली नाही तर तोंडावर सांगा. वडीलधाऱ्यांच्या ‘हे धंदे सोड, नोकरीकडे बघ’ या सल्ल्यापेक्षा ‘मधली पाच मिनिटं कंटाळा आला’ हे ऐकणं फार बरं असतं.

फिल्म आता पेन ड्राइव्हवर असते आणि मी जिथे असतो तिथेच ती दाखवली जाते. बुलढाण्याला एकदा, नांदेडला एकदा, पुण्यात मित्रांच्या घरी तीनदा. दरवेळी खालांना फोन करून सांगतो. मागच्या ईदला गेलो तेव्हा त्यांनी शीरखुर्म्याची वाटी पुढे केली आणि विचारलं, “कित्ते लोगां देखे?” मी म्हणालो, एकोणीस. त्या म्हणाल्या, “बस? गिरणीवाले कू बोल, उन्ने अकेलाच इससे जादा लोगां कू सुनाया.”